सीपीके 1.85 आणि पीपीके 1.15 : ग्राहकाला कोणता आकडा पाठवावा?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रकामाच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे सेंटरलेस ग्राइंडरवर 20 मिलिमीटर व्यासाची, एच-7 (लहान h) टॉलरन्सची पोलादी पिन तयार होते. म्हणजे व्यास 19.979 ते 20.000 मिलिमीटर या 21 मायक्रॉनच्या पट्ट्यात बसला पाहिजे. दर अर्ध्या तासाने सलग पाच जॉब (तयार पिना) उचलून त्यांनी 25 उपगट, म्हणजे एकूण 125 मोजमापे घेतली. सॉफ्टवेअरने प्रक्रिया क्षमतेचे दोन निर्देशांक दिले : सीपीके 1.85 आणि पीपीके 1.15. ग्राहकाच्या पत्रात ‘प्रक्रिया क्षमता किमान 1.67’ एवढेच लिहिले आहे. मालकांचे म्हणणे, 1.85 पाठवून द्या आणि माल चालू करा. अभियंत्याला मात्र ते पटत नाही. यातला खरा आकडा कोणता, आणि अहवाल नेमका कसा लिहावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि अहवालात दोन्ही गेले पाहिजेत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे या दोन आकड्यांमधली दरी हीच तुमच्या संपूर्ण अभ्यासाची खरी कमाई आहे, आणि 1.85 एकटा पाठवला तर नेमकी तीच तुम्ही लपवाल.

दरी कुठून आली ते आधी आकड्यांतच पाहू. दोन्ही निर्देशांकांचे सूत्र एकच आहे : सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याला तीन सिग्माने भागायचे (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, मोजमापांच्या पसाऱ्याचे माप). फरक आहे तो सिग्मा कोणता धरला यात. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात उपगटांच्या रेंजची, म्हणजे प्रत्येक उपगटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातल्या फरकाची, सरासरी 4.2 मायक्रॉन आहे. पाच जॉबच्या उपगटासाठी डी-2 हा स्थिरांक 2.326, म्हणून उपगटाच्या आतला सिग्मा 1.81 मायक्रॉन येतो. सरासरी व्यास 19.990 असल्यामुळे वरची मर्यादा 10 मायक्रॉनवर आहे. 10 भागिले 5.42, म्हणजे 1.85. आता सगळी 125 मोजमापे एकत्र करून त्यांचे प्रमाण विचलन काढले की ते 2.9 मायक्रॉन येते; 10 भागिले 8.7, म्हणजे 1.15. पहिला सिग्मा फक्त एवढेच सांगतो की एकामागोमाग निघालेले पाच जॉब एकमेकांपासून किती वेगळे असतात. दुसरा सांगतो की सकाळपासून रात्रीपर्यंत निघालेले सगळे जॉब किती पसरले. ग्राहकाच्या खोक्यात सलग पाच जॉब जात नाहीत, दिवसभराचा माल जातो. म्हणून त्याच्या हाती जे पडते त्याचे वर्णन पीपीके करतो आणि तुमच्या यंत्राची अंगभूत कुवत किती आहे याचे वर्णन सीपीके करतो. कलाभवनात, म्हणजे वडोदऱ्याच्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, शिकताना आपण जी गणिते सोडवली त्यांत सिग्मा दिलेलाच असायचा आणि तो एकच असायचा, त्यामुळे कारखान्यात पाऊल टाकल्यावर हे दोन सिग्मा पुष्कळांना गोंधळात टाकतात.

प्रक्रिया खरोखर स्थिर असेल तर हे दोन सिग्मा जवळजवळ सारखे येतात. तुमच्याकडे त्यांचे गुणोत्तर दीडपटीहून जास्त आहे. त्याचा अर्थ उपगट आपापसांत घट्ट आहेत, पण उपगटांच्या सरासऱ्या वरखाली भटकत आहेत. हे पडताळणे सोपे आहे. ए-2 हा स्थिरांक 0.577 घेऊन सरासरीच्या आलेखाच्या, म्हणजे उपगटांच्या सरासऱ्या वेळेच्या क्रमाने मांडलेल्या आलेखाच्या, नियंत्रण मर्यादा काढा. त्या मध्यरेषेपासून 2.4 मायक्रॉनवर येतात. तुमच्या 2.9 च्या पसरटपणाचा हिशेब केला तर 25 पैकी सात-आठ बिंदू या मर्यादांच्या बाहेर असले पाहिजेत. आलेख समोर ठेवून मोजा; तुमच्या पत्रात आलेखाचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. वॉल्टर शूहार्ट यांनी बेल कंपनीत पहिला नियंत्रण आलेख मे 1924 मध्ये मांडला, आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते 1947-48 च्या सुमारास भारतातही येऊन गेले. क्षमतेचे निर्देशांक पाश्चात्त्य कारखान्यांत सर्रास वापरात आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 1980 च्या दशकात. आज मात्र आलेख न काढता थेट आकडा विचारला जातो आणि थेट आकडा दिलाही जातो. जी प्रक्रिया नियंत्रणात नाही तिच्या सीपीकेला उद्याबद्दल काहीही सांगण्याचा अधिकार नाही, कारण ज्या सिग्मावर तो उभा आहे तो सिग्मा प्रक्रियेचा एक तुकडाच पाहतो.

आता भटकण्याचे कारण. सेंटरलेस ग्राइंडरवर ते बहुतेक वेळा तीन-चार ठिकाणीच सापडते, आणि प्रत्येकाची आलेखावरची खूण वेगळी असते. चाक झिजत जाते तसा व्यास हळूहळू वाढत जातो आणि ड्रेसिंग (चाक घासून पुन्हा धारदार करणे) व झिजेची भरपाई झाली की एकदम खाली येतो. आलेखावर करवतीच्या दात्यांसारखा आकार दिसतो. सकाळी थंड यंत्र सुरू केल्यावर पहिला तास-दीड तास स्पिंडल आणि कूलंट तापत असतात. तिथे पहिले तीन-चार बिंदू एका बाजूला सरकलेले दिसतात आणि नंतर रेषा सपाट होते. शिफ्ट बदलली की एकच मोठी पायरी दिसते, कारण दुसऱ्या ऑपरेटरने आपल्या सवयीप्रमाणे सेटिंग केलेले असते. आणि चौथे कारण ऑपरेटरच्या कळकळीतून येते : एक जॉब सरासरीपेक्षा दोन मायक्रॉन जास्त दिसला की तो लगेच यंत्राच्या सेटिंगमध्ये तेवढी दुरुस्ती करतो, म्हणजे ऑफसेट देतो, पुढचा कमी दिसला की उलट देतो. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग फनेल आणि गोटीच्या प्रयोगातून हेच दाखवत असत. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक जॉबच्या विचलनाइतकी पूर्ण दुरुस्ती दर वेळी केली तर विचलनाचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे सिग्मा 1.41 पटीने वाढतो. यंत्राजवळच्या नोंदवहीत ऑपरेटर ऑफसेट लिहीत असेल (आपल्याकडे ती बहुधा गुजरातीत असते, आणि ती वाचता येणे हे गुणवत्तेच्या माणसासाठी आवश्यक आहे) तर ती नोंद आणि आलेख वेळेनुसार शेजारी ठेवा. निम्म्या प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतील.

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण 21 मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये गेज स्वतःच पुष्कळ जागा खातो. 0.01 मिलिमीटर लघुत्तम मापाच्या डिजिटल व्हर्नियरने हा अभ्यास केला असेल तर तो सरळ बाजूला ठेवा. टॉलरन्सच्या किमान दहाव्या भागाइतके तरी बारीक माप वाचता आले पाहिजे, म्हणजे येथे दोन मायक्रॉन किंवा त्याहून कमी. ढोबळ मापाचा एक घातक परिणाम असा की पाचही जॉबचे वाचन एकसारखे येते, रेंज शून्य पडते, अशा शून्यांमुळे रेंजची सरासरी खोटीच लहान होऊ शकते आणि सीपीके फुगतो. रेंजच्या आलेखावर नियंत्रण मर्यादांच्या आत तीन-चारच वेगवेगळ्या किमती पुन्हा पुन्हा येत असतील तर गेज पुरेसा बारीक नाही असे समजावे. गेजची पुनरावृत्ती आणि पुनरुत्पादन चाचणी, म्हणजे ज्याला आपण जीआर अँड आर म्हणतो, ती क्षमतेच्या अभ्यासाआधी झालेली असली पाहिजे; एआयएजी या अमेरिकी वाहन उद्योगाच्या संघटनेच्या मोजमाप पुस्तिकेप्रमाणे 10 टक्क्यांच्या आत उत्तम, 10 ते 30 मध्ये परिस्थिती पाहून, 30 च्या वर अमान्य.

तापमानाचे गणित तर आपल्या गावात रोजचेच आहे. पोलाद एका मीटरमागे एका अंश सेल्सिअसला साधारण 11.5 मायक्रॉन वाढते. 20 मिलिमीटरच्या पिनला हा परिणाम अंशाला 0.23 मायक्रॉन एवढा लहान दिसतो, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. आता मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. शेडमध्ये 42 अंश, एअर गेजचा सेटिंग मास्टर (ज्यावर गेज शून्य करतात तो प्रमाणित तुकडा) मात्र 20 अंशांच्या वातानुकूलित मापन कक्षातून नुकताच आणलेला. मास्टर हातात घेतला तर गार लागतो, जॉब घेतला तर कोमट लागतो. 22 अंशांच्या फरकाने मास्टर पाच मायक्रॉन लहान असतो, आणि त्यावर गेज शून्य केला की प्रत्येक जॉब पाच मायक्रॉन मोठा दिसतो. ऑपरेटर प्रामाणिकपणे तेवढा ऑफसेट देऊन माल बारीक करतो. अर्ध्या तासात मास्टर शेडच्या तापमानाला येतो, कोणीतरी गेज पुन्हा सेट करतो, आता तोच माल लहान दिसतो आणि रेषा खाली सरकते. टॉलरन्सचा जवळजवळ चौथा भाग असा एका मास्टरच्या ये-जा करण्यात खर्ची पडतो आणि आलेखावर त्याचे खापर ग्राइंडरवर फुटते. यावर उपाय खर्चाचा नाही : मास्टर यंत्राजवळच, उन्हापासून आणि कूलंटपासून दूर ठेवावा, जॉब आणि मास्टर एकाच धातूच्या ठोकळ्यावर काही वेळ शेजारी ठेवून मगच मोजावेत, आणि कॅलिब्रेशनसाठी मास्टर कक्षात नेला तर परत आल्यावर किमान तासभर त्याला हात लावू नये.

उपगट कसे घेतले यावर सीपीके कसा अवलंबून असतो हेही ध्यानात घ्यावे. सलग पाच जॉब घेण्याची तुमची पद्धत योग्य आहे, कारण त्यामुळे उपगटाच्या आत फक्त यंत्राचा स्वाभाविक पसारा राहतो आणि बाकीची कारणे उपगटांच्या मध्ये उघडी पडतात. काही ठिकाणी दोन ग्राइंडरचा माल एका ट्रेमध्ये पडतो आणि त्या ट्रेमधून पाच जॉब उचलले जातात. तेव्हा रेंज फुगते, सरासरीचे बिंदू मध्यरेषेला संशयास्पद रीतीने चिकटून राहतात आणि आलेख फार छान दिसतो. प्रत्येक यंत्राचा, बहुपोकळी साच्याच्या बाबतीत प्रत्येक पोकळीचा, अभ्यास वेगळा झाला पाहिजे. तुमचा अभ्यास साडेबारा तासांचा, म्हणजे दीड शिफ्टचा आहे. म्हणून तर त्याने भटकणे पकडले. एका सकाळी दोन तासांत सलग 125 जॉब मोजले असते तर दोन्ही निर्देशांक उत्तम आले असते आणि तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता. असा सलग 50 जॉबचा अभ्यास यंत्र विकत घेताना किंवा दुरुस्तीनंतर जरूर करतात, पण ती यंत्राची क्षमता, सीएमके. तिला प्रक्रियेची क्षमता म्हणून पाठवू नये.

आता 1.67 हा आकडा. एआयएजीच्या पीपॅप (उत्पादन सुरू करण्याआधी भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची रीत) पुस्तिकेत प्रारंभिक अभ्यासासाठी निर्देशांक 1.67 च्या वर असेल तर मान्य, 1.33 ते 1.67 मध्ये असेल तर ग्राहकाशी बोलून, आणि 1.33 च्या खाली असेल तर अमान्य, असा ढाचा आहे. अभ्यासासाठी किमान 25 उपगट आणि किमान 100 वाचने मागितली आहेत. तुमची संख्या त्यात बसते. पण हेही कळायला हवे की निर्देशांक हा नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे. 30 जॉबवरून 1.33 आला तर 95 टक्के विश्वासाने खरी किंमत सुमारे 0.97 ते 1.69 यांच्यामध्ये कुठेही असू शकते. 125 जॉबवरून तोच पट्टा 1.15 ते 1.51 असा अरुंद होतो. तुमच्या 1.15 साठी तो साधारण 1.00 ते 1.30 येतो, आणि हा हिशेब प्रत्येक जॉब दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरतो; तुमच्याकडे एका उपगटातले जॉब एकमेकांसारखे आहेत, त्यामुळे वास्तवातला पट्टा याहून रुंद आहे. म्हणून 1.847 असे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे निरर्थक आहे. दोन स्थळे पुरेत. आणि 1.66 आला म्हणून नापास, 1.68 आला म्हणून पास, असा वाद ग्राहकाशी किंवा पुरवठादाराशी घालण्यात कोणाचेच हित नाही.

दहा लाखांत किती दोष, हा हिशेबही याच सावधगिरीने करावा. वितरण प्रसामान्य धरले तर 1.15 ला तुमच्या सरासरीवर दोन्ही बाजू मिळून दहा लाखांत साधारण साडेतीनशे जॉब बाहेर जातील आणि 1.85 ला व्यवहारात एकही नाही. परंतु करवतीच्या दात्यांसारख्या सरकणाऱ्या प्रक्रियेचे वितरण प्रसामान्य नसते, आणि टोकांचा असा अंदाज 125 जॉबवरून कोणीही खात्रीने देऊ शकत नाही. हिस्टोग्राम जोडा, वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळते. हिस्टोग्रामची कड 20.000 वर एकदम कापल्यासारखी दिसत असेल तर अभ्यासाआधी माल निवडून काढला गेला आहे, आणि निवडलेल्या मालावरून काढलेली क्षमता ही निवडणाऱ्याची असते, ग्राइंडरची नव्हे. याच पिनचा गोलपणा किंवा पृष्ठभागाचा खरखरीतपणा मागितला असेल तर तिथे खालची मर्यादा शून्य ही नैसर्गिक सीमा आहे. सीपी (दोन्ही मर्यादांमधले अंतर भागिले उपगटाच्या आतले सहा सिग्मा; एकूण सिग्मा घेतला की तोच पीपी) काढताच येत नाही, फक्त वरच्या बाजूचा निर्देशांक द्यावा, आणि वितरण एका बाजूला झुकलेले असल्यामुळे आयएसओ 22514 मालिकेप्रमाणे मध्यक आणि 99.865 व्या शततमकाच्या अंतराने भागावे. सॉफ्टवेअरला हे तुम्ही सांगावे लागते. ते आपणहून विचारत नाही.

अहवालाच्या पानावर काय असावे, हे आता सांगता येईल. वरच्या बाजूला ड्रॉइंगचा क्रमांक आणि आवृत्ती, यंत्राचा क्रमांक, अभ्यासाची तारीख आणि सुरू-बंद झाल्याची वेळ, कोणत्या लॉटची सळई वापरली, मधल्या काळात कितीदा ड्रेसिंग झाले. गेजचे नाव, त्याचे लघुत्तम माप आणि त्याचा जीआर अँड आर. त्याखाली सरासरीचा आणि रेंजचा असे दोन्ही आलेख, नियंत्रण मर्यादा आखलेले, बाहेर गेलेल्या प्रत्येक बिंदूशेजारी कारण लिहिलेले, आणि कारण सापडले नसेल तर ‘कारण सापडले नाही’ असेच लिहिलेले. मग सरासरी, दोन्ही सिग्मा त्यांच्या पद्धतीसह, आणि चारही निर्देशांक : सीपी 1.94, सीपीके 1.85, पीपी 1.21, पीपीके 1.15. कोणताही बिंदू गणनेतून वगळला असेल तर तो कोणता आणि का, हे स्पष्ट असावे. कारण समजले आहे आणि ते पुन्हा येणार नाही अशी व्यवस्था झाली आहे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय एकही बिंदू वगळू नये. चार आकडे एकत्र वाचले की चित्र आपोआप उभे राहते. सीपी आणि सीपीके जवळजवळ आहेत, म्हणजे सेटिंग मध्यावर आहे. पीपी खूप खाली आहे, म्हणजे दोष यंत्राच्या कुवतीत नसून काळाच्या ओघात सरकण्यात आहे. नवे ग्राइंडर घ्यायचे की ड्रेसिंगचे वेळापत्रक बदलायचे, हा लाखो रुपयांचा निर्णय या एका ओळीवर ठरतो, आणि मालकांना पटवायचे असेल तर हीच ओळ दाखवा. 1.85 एकटा पाठवून सहा महिन्यांनी ग्राहकाच्या आवक तपासणीत 20.002 चा जॉब सापडला, तर तेव्हा ग्राहक तुमच्या आलेखाची मागणी करील आणि त्या दिवशी तो नव्याने काढता येणार नाही.

मालकांची अडचण मी समजू शकतो. खोळंबलेल्या मालाचे व्याज रोज चढते. पण 1.15 पाठवला म्हणजे ऑर्डर गेली असे नसते. पीपॅपच्या रीतीतच यासाठी वाट आहे : सुधारणेचा आराखडा आणि तोपर्यंत शंभर टक्के तपासणीसह बदललेला नियंत्रण आराखडा ग्राहकाला मंजुरीसाठी द्यायचा. तुमच्या बाबतीत लक्ष्यही नेमके सांगता येते. सरासरी 19.9895 वर, अगदी मध्यावर ठेवली तर पीपीके 1.67 साठी एकूण सिग्मा 2.1 मायक्रॉनपर्यंत खाली आला पाहिजे, आणि 1.33 साठी 2.6 पर्यंत. उपगटाच्या आतला सिग्मा 1.8 असल्यामुळे 2.1 हे आवाक्यातले आहे, पण भटकण्यासाठी फारच थोडी मोकळीक उरते. मास्टरची जागा बदलणे, सकाळी यंत्र मोकळे चालवून तापवणे आणि आलेखाने सांगितल्याशिवाय ऑफसेटला हात न लावणे, हे तिन्ही एकाच वेळी न करता एकेक करून पाहा, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळेल. ड्रेसिंगचे अंतर मात्र शेवटी बदला, कारण त्यात चाकाचा खर्च वाढतो. ग्राहकाला पाठवायच्या पत्रात दुसऱ्या अभ्यासाची तारीख लिहा, तो दोन्ही शिफ्ट आणि किमान दोन ड्रेसिंग व्यापेल असा आखा, आणि पहिल्या अभ्यासाची 125 वाचने वेळेच्या क्रमाने, जशी घेतली तशी, सोबत जोडा.